शाकुहाचीच्या समर कॅम्पला जाताय? आधी ‘रो’ लावा, मग बॅग भरा

शाकुहाची, म्हणजे उभी धरून वाजवायची जपानी बांबूची बासरी, शिकायला समर कॅम्पला जाऊन आलेले बरेच जण मला भेटतात. त्यांच्याकडे स्वरलिपीच्या पंधरा-वीस पानांची फाइल असते, फोनमध्ये तासन्‌तासांचं रेकॉर्डिंग असतं, आणि बासरी तोंडाला लावली की नुसती हवा येते. दोष त्यांच्या कष्टांत नसतो, क्रमात असतो. जे घरी करायचं ते कॅम्पवर करायला घेतात, आणि जे फक्त गुरूंसमोर होऊ शकतं ते ‘घरी गेल्यावर बघू’ म्हणून सोडून देतात.

कॅम्प आठवड्याभराचा, कधी चारच दिवसांचा. तेवढ्यात शून्यातून आवाज काढणं, बोटं बसवणं, जपानी लिपी वाचणं आणि शेवटच्या संध्याकाळी मंचावर वाजवणं हे सगळं होत नाही. पण आवाज, निदान मथळ्यातला ‘रो’ हा सर्वांत खालचा स्वर, घरून घेऊन गेलात तर तोच आठवडा सोन्याचा होतो. म्हणून या लेखातला अर्धा भाग कॅम्पच्या आधीच्या तयारीचा आहे.

## १. तीन महिने आधी: कॅम्पला चार प्रश्न विचारा

अमेरिकेत कोलोरॅडोच्या रॉकी पर्वतात, युरोपात प्रागला असे उन्हाळी मेळावे भरत आले आहेत. युरोपियन शाकुहाची सोसायटीची उन्हाळी शाळा वेगवेगळ्या शहरांत भरते. तिकडचा उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट, आपला ऐन पावसाळा. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे बांबूच्या काळजीत ती कामाला येईल.

नाव नोंदवण्याआधी ईमेलने विचारा: अगदी नवशिक्यांसाठी वेगळा गट आहे का? वाद्य तात्पुरतं वापरायला मिळतं का? कोणत्या लांबीचं लागेल? आणि शिकवणारे किंको परंपरेचे आहेत की तोझान परंपरेचे?

शेवटचा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि तिथेच फसतात. किंको आणि तोझान ही दोन मोठी घराणी. वाद्य जवळपास तेच, पण लिपी वेगळी, काही स्वरांची नावं वेगळी, काही ठिकाणी बोटंही वेगळी. व्हिडिओ बघून दोन महिने तोझान लिपी घोकायची आणि कॅम्पवर किंकोच्या गुरूंसमोर बसायचं, म्हणजे पहिले दोन दिवस शिकलेलं विसरण्यात जातात. कुठलंही एक चालेल, दोन्ही एकदम नको.

## २. वाद्य: लांबी, भोकं, पट्टी

नवशिक्याला लागते ती १.८ शाकुची शाकुहाची. एक शाकु म्हणजे ३०.३ सेंटिमीटर, म्हणजे ही साधारण ५४.५ सेंटिमीटर लांब. नावातच माप आहे: एक शाकु आणि आठ (हाची) सुन; सुन म्हणजे शाकुचा दहावा भाग. पुढे चार भोकं, मागे अंगठ्यासाठी एक, एकूण पाच. सगळी भोकं बंद करून येणारा सर्वांत खालचा स्वर पेटीवरच्या पांढरी दोनचा. १.६ची पांढरी तीनवर जाते, २.४ची खाली पांढरी सहावर. २.४चा आवाज ऐकून मोहात पडू नका. तिची भोकं इतकी लांब-लांब असतात की नव्या बोटांना ताण येतो, आणि वर्गात बाकी सगळे १.८वर असताना तुम्ही एकटे वेगळ्या पट्टीत पडता.

पहिलं वाद्य एबीएस प्लास्टिकचं घ्या, हे मी अगदी मनापासून सांगतो. स्वरात नीट असतं, तडकत नाही, साबणाच्या पाण्याने धुता येतं. चांगल्या बांबूची शाकुहाची महाग असते आणि ती निवडायला कान तयार लागतो, तो तुमच्याकडे दोन वर्षांनी येईल. ऑनलाइन दुकानांत ‘जपानी बांबू फ्लूट’ म्हणून जे स्वस्तात मिळतं त्यातलं बरंच दिवाणखान्यात ठेवण्यापुरतं असतं.

खरेदीआधी तपासा:
- भोकं पाचच आहेत ना? सहा दिसली तर निदान पहिल्या वाद्यासाठी ते नको.
- वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूने तिरका काप आहे ना? ही ‘उतागुची’, म्हणजे फुंकेची कड. ती धारदार आणि अखंड हवी.
- विकणाऱ्याला सगळी भोकं बंद करून वाजवायला सांगा आणि ट्यूनर अ‍ॅप लावा. पांढरी दोन दिसायला हवी.

उतागुचीत बसवलेला तुकडा किंको वाद्यात कोनदार असतो, तोझान वाद्यात चंद्रकोरीसारखा. शिकण्यात त्याने फरक पडत नाही. मात्र जुन्या वाद्यात तो हस्तिदंताचा असू शकतो. तसं असेल तर ते वाद्य परदेशी नेऊ नका, कस्टम्सला अडकेल.

## ३. सहा आठवडे आधी: आवाज

इथे घाई केली की पुढचं सगळं डगमगतं.

शाकुहाचीला आपल्या बासरीसारखं फुंकायचं भोक नसतं, आणि शिट्टीसारखी आयती वाटही नसते. बांबूचं उघडं तोंड हनुवटीने मागून बंद करायचं आणि समोरच्या कडेवर हवेची बारीक पट्टी नेमकी आदळवायची. हवा थोडी आत, थोडी बाहेर गेली की सूर उमटतो.

क्रम असा ठेवा.

(अ) वाद्याशिवाय. बशीतला चहा फुंकताना ओठ कसे होतात ते आठवा. ओठ सैल, किंचित पुढे, मधे बारीक फट, आणि गालांत हवा भरलेली नाही. फट केवढी? तांदळाचा दाणा आडवा ठेवावा तेवढी. तळहात समोर धरून फुंका. हवा एकाच जागी थंड लागली पाहिजे, सगळ्या तळव्यावर पसरली तर फट मोठी आहे.

(आ) वाद्य हनुवटीला. ओठाखाली जी खोलगट जागा असते तिथे वाद्याची मागची कड टेकवा. खालचा ओठ तोंडावर अलगद येऊ द्या. उतागुची बरोबर समोर, नाकाच्या रेषेत. वाद्य शरीरापासून साधारण ४५ अंशांवर.

(इ) भोकं उघडी ठेवून फुंका. बहुतेक जण पहिल्याच दिवशी सगळी भोकं बंद करून खालचा स्वर काढायला बघतात. तो सर्वांत अवघड आहे. पाचही उघडी ठेवा, वाद्य नुसतं तोललेलं असू द्या. आवाज आला की एकेक भोक वरून खाली बंद करत या. जिथे आवाज तुटेल तिथेच त्या दिवशी थांबा.

(ई) मग ‘रो’. सगळी भोकं बंद करून येणारा स्वर म्हणजे ‘रो’. तो लांब धरून वाजवण्याला ‘रोबुकी’ म्हणतात. वर्षानुवर्षं वाजवणारेही दिवसाची सुरुवात यानेच करतात. तुमचं लक्ष्य: एका दमात दहा सेकंद, न थरथरता, दहातून आठ वेळा.

गेल्या वर्षी नवशिक्यांच्या टेबलावर माझ्याशेजारी एक गृहस्थ होते. आडवी बासरी बारा वर्षं वाजवलेली, उत्तम हात. शाकुहाची तोंडाला लावली की दर वेळी वरच्या सप्तकातला टोकदार सूर यायचा, खालचा ‘रो’ काही केल्या येईना. जोर वाढवत गेले, चेहरा लाल झाला. मी त्यांच्यासमोर लहान आरसा धरला. ओठांचे कोपरे ताणलेले, फट सुईसारखी, आणि वाद्य उजवीकडे कललेलं, अगदी बासरी धरतात तसं. वाद्य बाजूला ठेवून त्यांनी चहा फुंकल्यासारखे ओठ केले, खांदे सोडले, वाद्य नाकासमोर आणलं आणि जोर निम्मा केला. तिसऱ्या फुंकेला ‘रो’ आला, घोगरा आणि भरदार. ते इतका वेळ गप्प बसून राहिले की मला वाटलं काही दुखलं की काय.

आपल्याकडच्या बासरीवाल्यांच्या या चुका मी पुन्हा पुन्हा पाहतो: मान डावीकडे वळवणं, ओठ ताणणं, आणि सूर सुरू करताना जिभेने ‘तू’ म्हणणं. शाकुहाचीत जीभ लावत नाहीत. सूर श्वासाने सुरू होतो. एकच स्वर लागोपाठ दोनदा हवा असेल तर मधे बोटाचा क्षणभर ठोका देतात.

> सावधान: सुरुवातीला चक्कर येते. बरीच हवा वाया जाते आणि श्वास भराभर घेतला जातो म्हणून. बसूनच सराव करा. डोकं हलकं वाटलं की वाद्य खाली, दोन मिनिटं नेहमीचा श्वास. रोज दहा-दहा मिनिटांच्या दोन बैठका पुरतात. एका बैठकीत तास ओढला तर ओठ सुजतात आणि दुसरा दिवस फुकट जातो.

खूण पटवा: वरचाच सूर येत असेल तर फट फार बारीक आहे किंवा जोर जास्त. नुसती हवा येत असेल तर वाद्य केसभर वर-खाली सरकवा. फुंकेत बदल नंतर, आधी जागा शोधा. आवाज मधेच गायब होत असेल तर दोष ओठांचा नसून बोटांचा असण्याची शक्यता जास्त, ते आता बघू.

## ४. चार आठवडे आधी: बोटं, आणि नावांचा घोळ

वाद्य तोलतात ते खालच्या हाताचा अंगठा आणि दोन्ही हातांची मधली बोटं. मधल्या बोटांखाली भोक नसतं, ती नुसती टेकलेली. वरच्या हाताचा अंगठा मागच्या भोकावर, तर्जनी आणि अनामिका वरच्या दोन भोकांवर. खालच्या हाताची तर्जनी आणि अनामिका खालच्या दोन भोकांवर. करंगळ्या मोकळ्या. कुठला हात वर हे सोयीने ठरवा, पण एकदा ठरवलं की बदलू नका.

‘रो’ येत नाही म्हणून ओठांना दोष देणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं मागचं भोक उघडं राहिलेलं असतं. तपासायची सोपी रीत: पाचही भोकं घट्ट दाबून दहा सेकंद धरा, मग बोटं उलटी करून बघा. प्रत्येक बोटावर भोकाचा पूर्ण गोल ठसा दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर तिथून हवा गळते आहे. ठसा बोटाच्या मांसल भागावर हवा, टोकावर नको. खात्री झाली की दाब कमी करा, घट्ट आवळलेली बोटं पुढे हलत नाहीत.

भोकं खालून एकेक उघडत गेलं की स्वर येतात: रो, त्सु, रे, ची, आणि मग री. (तोझानमध्ये याच जागी ‘हा’ म्हणतात. ‘री’ची आणि ‘हा’ची बोटं घराण्याप्रमाणे बदलतात, ती गुरूंकडूनच घ्या.) इथे मराठी कानाची फसगत होते. शाकुहाचीतला ‘रे’ म्हणजे आपला रिषभ नव्हे, आणि ‘री’ तर नव्हेच. ‘रो’ला षड्ज धरलं तर:

- रो = सा (पांढरी दोन)
- त्सु = कोमल ग (पांढरी चार)
- रे = म (पांढरी पाच)
- ची = प (पांढरी सहा)
- री = कोमल नी (वरची पांढरी एक)

सा, कोमल ग, म, प, कोमल नी. धानी गायलेल्यांना हे स्वर आतून माहीत आहेत. तंबोऱ्याचं अ‍ॅप पांढरी दोनवर लावा, आधी ते पाच स्वर गा, मग वाजवा. पण वर्गात नावं मात्र जपानीच घ्या. मनात ‘म’ आणि कागदावर ‘रे’ असं भाषांतर करत बसलात तर लिपी वाचताना नेहमी अर्धा क्षण मागे राहाल.

खालच्या सप्तकाला ‘ओत्सु’ आणि वरच्याला ‘कान’ म्हणतात. बोटं बहुतेक तीच, ओठांची फट थोडी बारीक आणि हवा थोडी वेगवान. कॅम्पच्या आधी ओत्सुतले पाच स्वर झाले तरी भरपूर.

## ५. निघताना: बांबू, विमान, कोरडी हवा

प्लास्टिकचं वाद्य असेल तर शेवटची सामानाची यादी तेवढी बघा, बाकीचा भाग सोडून द्या. बांबूचं असेल तर दोनदा वाचा.

जुलैतल्या मुंबईची किंवा कोकणातली हवा दमट. कोलोरॅडोतलं बोल्डर समुद्रसपाटीपासून साधारण १६०० मीटर उंचावर, हवा कोरडी ठणठणीत. बांबूतला ओलावा झपाट्याने उडतो, बाहेरचा थर आकसतो, आतला तितका आकसत नाही, आणि बांबू उभा तडकतो. माझी पहिली बांबूची शाकुहाची अशीच गेली. दुपारच्या जेवणापुरती, पाऊण तास, बंद गाडीत मागच्या सीटवर ठेवली होती. परत आलो, हातात घेतली, आणि ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. वरच्या टोकापासून तिसऱ्या भोकापर्यंत केसासारखी रेघ. त्यानंतर बांबूचं कुठलंही वाद्य मी बंद गाडीत क्षणभरही ठेवलेलं नाही.

म्हणून:

- वाद्य कापडी पिशवीत, आणि ती पिशवी बंद होणाऱ्या पॉलिथिनच्या पिशवीत. कोरड्या गावात त्या प्लास्टिकमध्ये ओलसर (निथळती नव्हे) कापडाची घडी ठेवा, वाद्याला थेट चिकटू देऊ नका.
- वाद्य मधल्या सांध्यात उघडून दोन तुकडे करून केबिन बॅगेत न्या. चेक-इन सामानात नको.
- सांधा उघडताना सांध्याच्या दोन्ही बाजूंना जवळ धरून हळूहळू पिळा. टोकं धरून पिळलं तर सगळा ताण भोकांवर येतो. अडकला तर जबरदस्ती नको, हवा बदलली की तासाभरात सुटतो.
- ऑस्ट्रेलियाला जात असाल तर बांबूची वस्तू आगमनपत्रात जाहीर कराच. वाद्य साफ आणि कोरडं असेल तर तपासून देतात, लपवलं तर दंड.

> तडा गेलाच तर: वाजवणं ताबडतोब थांबवा. तड्याच्या जागी मजबूत दोरा घट्ट गुंडाळा, वाद्य दमट पिशवीत ठेवा आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. फटीत झटपट चिकटणारा गोंद ओतू नका. नंतर नीट दुरुस्ती करणं अवघड होऊन बसतं.

सामानात आणखी एवढंच: पेन्सिल, लहान आरसा, आतून पुसायची दोरी लावलेली फडकी, ओठांना लावायला साधं मलम (वाजवायच्या आधी पुसून टाका), आणि मांडी घालून किंवा वज्रासनात बसता येईल असे सैल कपडे.

## ६. पहिले दोन दिवस: कमी वाजवा

कॅम्पवर पोहोचलं की उत्साह अनावर होतो. सकाळी सामूहिक रोबुकी, मग वर्ग, दुपारी कोतो किंवा शामिसेन या जपानी तंतुवाद्यांबरोबरचा गट, संध्याकाळी गुरूंचं वादन, आणि रात्री खोलीवर पुन्हा सराव. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओठ बधिर होतात, आणि सर्वांत महत्त्वाचे वर्ग असतात तेव्हा तोंडातून सूरच निघत नाही. जवळजवळ प्रत्येक नवशिक्याचं असंच होतं.

पहिल्या दिवशी एकूण तासाभरापेक्षा जास्त फुंकू नका. दुसऱ्या दिवशी दीड तास. बाकीच्या वेळी वर्गात बसा, बोटं चालवा, मनात स्वर म्हणा, ऐका. डोंगरावरच्या कॅम्पला तर हवा विरळ, चक्कर लवकर येते. पाणी पीत राहा.

वर्गाच्या सुरुवातीला वाकून ‘ओनेगाइ शिमासु’ (कृपया शिकवा) आणि शेवटी ‘अरिगातो गोझाइमाशिता’ (आभारी आहे) म्हणतात. गुरूंना ‘सेन्सेइ’ म्हणा, नुसत्या नावाने हाक नको. रेकॉर्डिंग विचारूनच करा. आपल्याकडे गुरूंसमोर बसायची जी सवय असते ती इथे जशीच्या तशी चालते. फरक एवढाच की शंका विचारायला संकोच करू नका. आठवड्याने गुरू विमानात बसलेले असतील.

रोज सकाळी तपासा: थंड वाद्याचा सूर उतरलेला असतो. आधी दोन मिनिटं हातात धरा, हळूहळू फुंकून गरम करा, मग ट्यूनर बघा. थंड वाद्य ट्यूनरला जुळवायला ओठ ताणलेत तर अर्ध्या तासाने सगळं चढं होईल.

## ७. तिसऱ्या दिवसापासून: मेरी आणि कारी

कॅम्पवर गुरूंसमोर शिकायची खरी गोष्ट ही. व्हिडिओवरून ती कळत नाही, कारण चूक मिलिमीटरची असते.

हनुवटी खाली घेतली की ओठ कडेच्या जवळ येतो आणि सूर उतरतो. याला ‘मेरी’ म्हणतात. हनुवटी वर केली की सूर चढतो, ती ‘कारी’. बोटं न हलवता नुसत्या मानेने स्वर जवळजवळ अख्खा सूरभर खाली आणता येतो. भोकं पाचच असूनही बाकीचे स्वर येतात ते यामुळे. जपानीत म्हण आहे, मान हलवायला तीन वर्षं लागतात. म्हणजे आठवड्यात ती येणार नाही, पण योग्य सवय आठवड्यात नक्की लागते.

पहिला धडा त्सु-मेरीचा. त्सु म्हणजे कोमल ग. तो उतरवून कोमल रेवर आणायचा: खालचं भोक बोटाने अर्धवट झाका आणि हनुवटी खाली घ्या. इथे सगळ्यांचा सूर चढा राहतो, अगदी सगळ्यांचा. मान खाली गेली असं वाटतं, प्रत्यक्षात ती थोडीशीच गेलेली असते आणि कोमल ग नि कोमल रे यांच्यामधे कुठेतरी सूर लटकत राहतो.

यावर मला उपयोगी पडलेली गोष्ट सांगतो. तंबोरा पांढरी दोनवर लावायचा, डोळे मिटायचे आणि कोमल रे गायचा. नुसता म्हणायचा नाही, भैरवातला लावतो तसा, सा जवळ टेकल्यासारखा. तो कानात पक्का बसला की त्याच दमात वाद्य तोंडाला लावून त्सु-मेरी. माझ्या गुरूंना भारतीय संगीत ठाऊक नव्हतं. मी गाताना ऐकून ते म्हणाले, आधी गा, रोज गा. ट्यूनरची सुई बघत मान हलवणाऱ्यांपेक्षा गाऊन लावणाऱ्यांची मेरी लवकर जागेवर येते, हे मी नंतर शिकवतानाही पाहिलं. मेरीचे स्वर बसले की सा, कोमल रे, म, प, कोमल ध अशी स्वरमाला हाताशी येते. जपानी संगीतात ती ठायी ठायी भेटते आणि आपल्या गुणक्रीची आठवण करून देते. मात्र राग म्हणून वाजवायला जाऊ नका. स्वर तेच असले तरी चाल, थांबे आणि जोर पूर्ण वेगळे.

चुका:

- हातांनी वाद्य वर-खाली करणं. वाद्य स्थिर, मान हलते. आरशात बघा.
- मेरीचा आवाज लहान आणि अंधुक येतो म्हणून जोरात फुंकणं. तो तसाच हवा असतो. उजळ स्वर आणि झाकोळलेला स्वर यांच्यातला फरक हाच या वाद्याचा रंग. जोर केला की सूर पुन्हा चढतो.
- मींड बोटं सरकवून घेणं. आडव्या बासरीची सवय. इथे घसरणीत मानेचा वाटा मोठा असतो.
- कंप श्वासाने देणं. शाकुहाचीत स्वर मान हलवून डोलवतात, त्याला ‘युरी’ म्हणतात. पहिल्या आठवड्यात ती नकोच. सरळ सूर टिकत नसताना डोलवला की नुसता थरथरतो.

> सावधान: मान घशाजवळून मोडू नका. पाठ ताठ, हनुवटी होकार दिल्यासारखी खाली. मान दुखू लागली तर दिवसभर मेरी बंद, फक्त रोबुकी.

## ८. लिपी: वरून खाली, उजवीकडून डावीकडे

पान उभ्या ओळींचं असतं. सर्वांत उजवीकडच्या ओळीपासून सुरुवात, वरून खाली, मग तिच्या डावीकडची ओळ. अक्षरं जपानी काताकाना लिपीतली, पण पाठ करायची मोजकीच. किंकोची बघा: रो म्हणजे चौकोन. त्सु म्हणजे दोन लहान फटकारे आणि एक तिरपी रेघ. रे म्हणजे बरोबरच्या खुणेसारखा आकडा. री म्हणजे दोन उभ्या रेघा. एका संध्याकाळचं काम आहे, घरीच करून जा.

जास्त चुका सप्तकाच्या खुणेत होतात. ओत्सु किंवा कानची खूण एकदाच येते आणि पुढची येईपर्यंत लागू राहते. प्रत्येक स्वरावर ती शोधत बसलात तर तिसऱ्या ओळीत सप्तक हरवेल. खूण दिसली की पेन्सिलने गोल करा.

तालाच्या रचनांत अक्षरांच्या बाजूला मात्रांच्या खुणा असतात. ‘होनक्योकु’ म्हणजे एकल वादनाच्या जुन्या रचनांत मोजलेला ठेका बहुधा नसतोच. एक दम, एक वाक्य. तिथे मनात मात्रा मोजू नका. श्वास कुठे घ्यायचा हे गुरूंना विचारून कागदावर लिहून घ्या. चुकीच्या जागी श्वास घेणं म्हणजे शब्द मधेच तोडणं.

## ९. एकच रचना घ्या

तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोटोकॉपीचा पाऊस पडतो. सगळी पानं घ्या, पण वाजवायला एकच निवडा, आणि तीही अर्ध्या पानाची. निवडताना गुरूंना एवढंच विचारा: ‘यात मेरीचे स्वर किती?’ दोन-तीन असतील तर ठीक. दहा असतील तर पुढच्या वर्षी.

शेवटच्या संध्याकाळी शिकणाऱ्यांचं वादन असतं. त्या दिवशी सकाळी नवं काहीही घेऊ नका. दुपारी वीस मिनिटं, फक्त रो आणि रचनेची पहिली दोन वाक्यं. मंचावर घसा कोरडा पडतो, ओठ आखडतात आणि वरचाच सूर निघतो, म्हणून सुरुवातीचा स्वर वाजवण्याआधी एक पूर्ण श्वास नुसता बाहेर सोडा. सूर तुटला तर थांबून पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. श्वास घ्या, पुढच्या वाक्यापासून वाजवा.

निघण्याआधी गुरूंकडून दोन गोष्टी मागून घ्या. तुमच्या वाजवण्यातली एक चूक, जी वर्षभर दुरुस्त करायची. आणि त्यांनी वाजवलेल्या ‘रो’चं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग. अख्ख्या रचनेपेक्षा ते एक मिनिट जास्त कामाला येतं.

## १०. घरी परतल्यावर

परत याल तेव्हा इकडे पाऊस चालू असेल. आता धोका उलटा: तडा नव्हे, बुरशी. वाजवून झालं की दोन्ही तुकडे वेगळे करून आतून फडकं ओढा, तासभर सावलीत उघडे ठेवा, मगच पिशवीत घाला. ओलं वाद्य प्लास्टिकमध्ये बंद केलं तर आठवड्यात आत करड्या ठिपक्यांची नक्षी दिसेल. उन्हात वाळवायला ठेवू नका, आणि उतागुचीची कड बोटाने घासू नका.

पहिला आठवडा आवाज कॅम्पपेक्षा वाईट येईल. तिथे खोली वेगळी, हवा वेगळी, भोवती वाजवणारे होते. वाद्य बिघडलं असं समजून नवं मागवू नका. रोज पंधरा मिनिटं एवढंच करा: पाच मिनिटं रो, पाच मिनिटं त्सु आणि त्सु-मेरी तंबोऱ्याबरोबर, पाच मिनिटं त्या अर्ध्या पानाचं एकेक वाक्य. दर रविवारी एक ‘रो’ फोनवर रेकॉर्ड करा आणि गुरूंच्या ‘रो’ला जोडून ऐका. महिन्याभराने चारही रविवार लागोपाठ लावा, आणि जिथे सूर थरथरतो तो सेकंद कागदावर लिहून ठेवा. पुढच्या सोमवारचा सराव त्या सेकंदापासून सुरू करा.